चाळीस सेकंदांचं पान

माझ्या आत्याला दोन आवाज आहेत. एक माईकचा आणि एक स्वयंपाकघरातला.

माईकच्या आवाजात तिने एकतीस वर्षं बसस्थानकावर गाड्या सोडल्या. म्हणजे गाड्या ड्रायव्हर सोडायचे, पण आत्याने सांगितल्याशिवाय एकही प्रवासी पिशवी उचलत नसे. गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. सुटण्याची वेळ नऊ वाजून दहा मिनिटे. प्रत्येक वाक्यानंतर ती अशी थांबायची की वाटावं तिथे खिळा ठोकलाय. आणि मग सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून, कारण आत्याच्या मते लोक पहिल्यांदा ऐकत नाहीत, पहिल्यांदा ते नुसती मान वर करतात.

स्वयंपाकघरातला आवाज मात्र असा: अगं ते वाटाणे इकडे दे आणि खिडकी लाव वारं येतंय, छोट्याला किती वेळा सांगितलं बिजागरी बघ म्हणून पण तो कसला बघतोय, लहानपणी असाच सायकल घेऊन गेला आणि चालत आला, आई विचारते सायकल कुठंय तर म्हणतो येईल की, येईल म्हणजे, तिला काय पाय आहेत, तर म्हणतो चाकं आहेत ना दोन, आता काय बोलणार, बाबांना हसू येतंय आणि आईला राग, आणि तू हे काय सोलतेयस का चुरगाळतेयस.

छोट्या म्हणजे माझे बाबा. वय बावन्न, विमा कंपनीत मोठे साहेब.

हे दोन्ही आवाज मला येतात. आई हसून हसून खाली बसते, पाहुणे आले की बाबाच सुचवतात, अगं जरा आत्या करून दाखव. आत्या मला पोपट म्हणते. एक ठरलेला नंबर मी पाचवीपासून करतेय, तो म्हणजे 'मेमो'. आत्याला सगळ्या नोकरीत एकच मेमो मिळाला होता, आणि तो ती स्वतःच रंगवून सांगायची. स्थानकप्रमुख नाकात बोलायचे. त्यांच्या आवाजात मी म्हणायचे, आपण माईक चालू ठेवून चाळीस सेकंद कोणतीही घोषणा केली नाही, याचा लेखी खुलासा करावा. मग आत्याच्या आवाजात, खुलासा काहीही नाही, खुलासा काहीही नाही. दोनदा. इथे सगळे हसायचे. ती चाळीस सेकंद गप्प का बसली, हे कुणी विचारलं नव्हतं. आत्याने सांगितलंही नव्हतं. तिला शिंक येत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि महिनाभरात घरातल्या सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा तिने सुधारल्या. मग सुधारायला काही उरलं नाही. तेव्हा आईनेच तिला अंधांसाठीच्या बोलत्या पुस्तकांच्या ग्रंथालयाची जाहिरात दाखवली. हे ग्रंथालय एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. यात काही विशेष आहे असं तिथल्या ग्रंथपालबाईंना वाटत नाही, त्यांना ते भाड्याने स्वस्त मिळालं. दोन खोल्या. आतल्या खोलीत भिंतींना जुनी ब्लँकेटं टांगलेली, टेबल, दिवा, माईक आणि न करकरणारी खुर्ची. ती खुर्ची सहाव्या प्रयत्नात सापडली म्हणे. दारावर वाचकांसाठी नियम लावलेत. पहिला, पुस्तकात आहे तेवढंच वाचावं. दुसरा, खोकला आल्यास वाक्य पुन्हा घ्यावं. तिसरा, तीन सेकंदांहून जास्त शांतता राहू नये, कारण ऐकणाऱ्यांना वाटतं यंत्र बिघडलं आणि ते फोन करतात. नंतर संगणकावर बसून ग्रंथपालबाई खोकले, उसासे आणि जादा शांतता कापून टाकतात.

आत्याला तर घरी आल्यासारखंच वाटलं. तीन वर्षांत तिने बावीस पुस्तकं वाचली. गुलाबांची निगा, मूळव्याध आणि आहार, दोन थोर पुरुष, भाडेकरू कायदा. भाडेकरू कायदा ऐकून एकाने घरमालकाशी भांडण जिंकलं आणि आत्याला पेढ्यांऐवजी एक आभाराचं पत्र पाठवलं, ते तिने दोनदा वाचून दाखवलं.

आणि मग ती कादंबरी आली.

ती मागवली होती एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटरांनी. जन्मतः अंध. एका मोठ्या इस्पितळाच्या स्विचबोर्डवर त्यांनी चौतीस वर्षं काढली. लग्न झाल्यापासून त्यांची बायको रोज संध्याकाळी त्यांना पुस्तक वाचून दाखवायची. दोन वर्षांपूर्वी काही महिन्यांतच तिचीही नजर गेली. तेव्हा त्यांचं पुस्तक एकशे बाराव्या पानावर आलं होतं. ते तिथेच राहिलं. बाजारात कादंबरी मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःचीच प्रत पाठवली. आत खूण म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांचं अपॉइंटमेंटचं कार्ड होतं. आत्याने ते कार्ड आम्हाला दाखवलं आणि लगेच परत त्याच पानात सरकवलं, जणू ते पान निसटून जाईल.

पुस्तक उघडल्यावर मात्र तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एक घर, एक दिवस, एक आई, तिच्या तीन मुली. सगळ्या बोलतायत. कोण बोलतंय ते लिहिलेलं नाही. वाक्य संपत नाही. पहिल्या पानावर सुरू झालेलं वाक्य चाळिसाव्या पानावरही चालूच, मध्येच पाणी तापतंय, मध्येच कुणाचं तरी जुनं भांडण. आत्या बाबांना म्हणाली, या माणसाला शाळेत कुणी मारलं नाही का? बाबा म्हणाले, ताई, मोठा लेखक आहे म्हणतात, नियम मोडतो. आत्या म्हणाली, मग गाडी पण अशीच चालवत असेल हा, रस्त्यावर नको यायला.

पण पुस्तक आलं म्हणजे ते सोडायचं, वेळेवर सोडायचं, हा तिचा हाडात मुरलेला धर्म. ती आठवडाभर जेवणाच्या टेबलावर बसली आणि पेन्सिलीने अगदी हलक्या हाताने सगळ्या पुस्तकावर खुणा केल्या. इथे थांबा. इथे आई बोलते. इथे मधली. इथे धाकटी. मग माईकवर जाऊन तिने ती कादंबरी तशी वाचली. जिथे जिथे शंका आली तिथे 'असे आई म्हणाली' हे स्वतःच्या पदरचं घातलं. पुस्तकात आहे तेवढंच वाचायचं हा पहिला नियम ती कधी मोडत नसे, पण हे तिला मोडणं वाटलंच नाही. रस्त्यात पडलेलं मूल उचलून फुटपाथवर ठेवावं, तसं तिला वाटत होतं.

एकशे एक्केचाळिसावं पान कोरं होतं. छापायचं राहिलं असेल म्हणून तिने ग्रंथपालबाईंना प्रकाशकाकडे फोन करायला लावला. उत्तर आलं की ते लेखकाने कोरंच ठेवलंय. मग आत्याने माईकवर सांगितलं, पान क्रमांक एकशे एक्केचाळीस. कोरे आहे. पान क्रमांक एकशे एक्केचाळीस. कोरे आहे.

हे मी ऐकलं तेव्हा मी तीन दिवस घरात त्याच आवाजात बोलले. साखरेचा डबा. रिकामा आहे. आत्याही हसली.

ध्वनिमुद्रण गेलं आणि आठ दिवसांनी घरी फोन आला. आत्याचे हात कणकेत होते, म्हणून तिने मला फोन स्पीकरवर टाकायला सांगितला. आधी ऑपरेटरआजोबा बोलले. इतका नीट, इतका मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता, मनातल्या मनात मी तो लगेच उचलून ठेवला. लाईनवर राहा हं, हिला देतो, असं म्हणाले. मग आजी आल्या. त्यांनी भरपूर आभार मानले. उच्चार स्वच्छ, शब्द न् शब्द कळतो, वगैरे. आत्या हो हो करत राहिली. मग आजी म्हणाल्या,

"बाई, राग मानू नका. पण हे पुस्तक नाही झालं हो. हे पुस्तकाचं वेळापत्रक झालं."

आत्याची बोटं कणकेत होती तशीच राहिली.

आजी सांगत होत्या की त्या वाचायच्या तेव्हा त्यांनाही कळायचं नाही कोण बोलतंय. त्या अडखळायच्या, तर हे म्हणायचे, कळून काय करायचंय, घरातच आहेत ना सगळ्या. पान संपलं की त्या विचारायच्या, पुढे वाचू का, आणि हे म्हणायचे, वाच. असं त्यांचं चालायचं. आत्याचं ऐकताना त्यांना एकशे वीसपर्यंतच जाता आलं. दर वेळी वाटायचं आता उतरायचंय. तक्रार नव्हती, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं असंही नव्हतं, कारण दुसरं कुणी नव्हतंच. आता राहू दे, त्या म्हणाल्या, आमचं ते एकशे बारावर थांबलं होतं तेच बरं होतं.

त्यानंतर दोन दिवस आत्या कुठल्याच आवाजात बोलली नाही. तुम्हाला आमचं घर माहीत नाही म्हणून सांगते, फ्रिजचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी टेबलावर मला एक चिठ्ठी दिसली. ग्रंथपालबाईंना लिहिलेली. यापुढे मी वाचनासाठी येणार नाही. माझ्या जागी अन्य व्यक्ती नेमावी. दोन वाक्यं, दोन खिळे. पाकीट अजून बंद केलेलं नव्हतं.

रविवारी बाबांनी घर जरा हलकं करायला म्हणून डोळा मारला आणि मला हळूच म्हणाले, सायकल कर. आत्या आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सुरू केलं. वाटाणे, खिडकी, बिजागरी, सायकल, येईल की, येईल म्हणजे, तिला काय पाय आहेत. माझे आजोबा केले, माझी आजी केली, दहा वर्षांचे बाबा केले. आई डोळे पुसत होती. आणि बघते तर आत्या दारात, काखेत शर्टांची चळत. मी गपकन थांबले.

"पुन्हा कर," आत्या म्हणाली.

ओरडा खायच्या तयारीत असताना नक्कल करणं फार अवघड असतं, पण केली.

"मी अशी बोलते?"

बाबा म्हणाले, ताई, तू थांबलीस कधी?

तिने मग एकेकाला विचारलं. मी सायकलचं सांगते तेव्हा आई कुठे बोलते ते कळतं का? कळतं. छोट्या कुठे? कळतं. मी 'असे आई म्हणाली' असं म्हणते का कधी? माझ्या आईला तर हसूच आवरेना, ती म्हणाली, वन्सं, तुम्ही तेवढा वेळ कुणाला देता?

आत्या गेली आणि अजून परत न पाठवलेलं ते पुस्तक घेऊन आली. शर्टांची चळत काखेतच. उभ्याउभ्याच तिने कुठलं तरी पान उघडलं आणि स्वयंपाकघरातल्या आवाजात सुटली. आणि ते झाकण कुठे ठेवलंस, कुठलं झाकण, निळ्या डब्याचं, मी नाही घेतलं हिने घेतलं असेल, हिला काय करायचंय झाकण घेऊन, काल तर होतं इथेच, काल तू घरी कुठे होतीस, नव्हते मग मला कसं माहीत, कुणीतरी सांगितलं असणार, झाकणाबद्दल कोण कशाला सांगेल तुला.

आम्हाला चारी बायका दिसल्या. मोठी कंबरेवर हात ठेवून, धाकटी आरशात बघत. पेन्सिलीच्या खुणा आत्याच्या वाटेत येत होत्या, ती त्यांच्यावरून उडी मारून जात होती. अकरा पानं झाली तेव्हा ती दम घ्यायला थांबली, आणि जिथे दम संपला तिथेच गोष्टीतल्या आईलाही दम लागला होता, ती जिना चढून आली होती. आत्याने पुस्तक लांब धरून त्याच्याकडे पाहिलं.

"अरे, हा नियमबियम काही मोडत नाहीये. हा कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहून ऐकतोय. आपल्या पोपटासारखा."

त्या दुपारी तिने खोडरबर घेतलं आणि एकेक पान साफ करायला बसली. सावकाश, कारण प्रत लोकांची होती आणि कागद जुना. खोडताना ती वाचत होती आणि वाचताना हसत होती. मध्येच म्हणायची, काय लबाड माणूस आहे बघ, भांडण सुरू झालं ते दहाव्या पानावर आणि खरं कारण सांगितलंय साठाव्या, ते पण दूध उतू जाताना. टेबलावर रबराच्या काळ्या सुरळ्यांचा ढीग झाला. चिठ्ठीचं पाकीट त्या ढिगाखाली गेलं आणि नंतर आईने ते सगळं एकत्रच पुसून टाकलं.

एकशे चाळिसाव्या पानावर आत्या थांबली. तिथे आई मुलींना सांगत असते की मी जरा पडते, तुमचं चालू दे. समोरचं पान कोरं. पान उलटल्यावर बोलणं पुन्हा सुरू होतं, पण आता धाकटी बोलत असते, आणि ती आईसारखं बोलत असते. आईचेच शब्द, आईचीच लकब. आई बोलत नाही. शेवटपर्यंत नाही.

आत्याने त्या पानावरून हात फिरवला. मग उठून तिने तिच्या कपाटातला मेमो आणला. तो कागद मी पहिल्यांदाच पाहिला. वर तारीख होती, हिवाळ्यातली.

तिने सांगितलं ते अगदी थोडक्यात. धुकं होतं. पहाटेची गाडी पुलावरून खाली गेली होती. स्थानकावर त्या गाडीची वाट बघणारे तीसेक लोक होते. स्थानकप्रमुखांनी तिला चिठ्ठी दिली, संबंधितांनी कार्यालयात यावे. तिने माईक चालू केला आणि तिला ते म्हणता येईना. नुसता श्वास जात राहिला सगळ्या फलाटांवर. काचेतून तिला दिसत होतं, लोक बोलायचे थांबले. एकाने हातातली पिशवी खाली ठेवली. एका बाईने शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला. साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, त्यांनी चाळीस सेकंद मोजले.

"मी सांगायच्या आधी त्यांना कळलं होतं," आत्या म्हणाली. "खुलाशात हे कसं लिहायचं?"

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मेमोची नक्कल मी त्यानंतर केली नाही.

ग्रंथपालबाईंकडे जाऊन आत्याने दोन गोष्टी मागितल्या. एक, पूर्ण पुस्तक पुन्हा वाचायचं, श्वास कापायचे नाहीत. बाईंनी कुरकुरत मान्य केलं. दुसरी, एकशे एक्केचाळिसाव्या पानाला चाळीस सेकंद. बाई खुर्चीतून उठल्याच. चाळीस सेकंद शांतता म्हणजे किती फोन येतील माहीत आहे का? त्यांनी पाच देऊ केले. मग दहा. मग मंडईत करतात तसं, चला पंधरा, पण आधी सांगायचं की आता थोडी शांतता आहे. आत्या म्हणाली, सांगितल्यावर ती शांतता कसली, ती घोषणा झाली. नियम क्रमांक तीन दारावर होता, बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं. त्या दारावरचा एकही नियम आत्याने जाणूनबुजून कधी मोडला नव्हता. एकतीस वर्षांत ती ड्यूटीला तीन मिनिटंसुद्धा उशिरा गेली नव्हती.

"एकदाच मागतेय," ती म्हणाली. "पुन्हा नाही मागणार."

शेवटी बाईंनी संगणकाचं आपोआप कापणं बंद केलं, एका अटीवर. तक्रारीचे सगळे फोन आत्याने स्वतःच्या नंबरावर घ्यायचे.

चष्म्याचं दुकान दुपारी बंद असतं तेव्हा खालून आवाज येत नाही. अशा अकरा दुपारी तिने ते पुस्तक वाचलं. ते आम्ही घरी ऐकलं. एकशे चाळिसाव्या पानावर आई म्हणते, तुमचं चालू दे. आणि मग काही नाही. दिव्याची बारीक गुणगुण. लांब कुठे तरी एक हॉर्न. आत्याचा श्वास, एकदा आत, बऱ्याच वेळाने बाहेर. मला वाटलं आता बास, आता बोल, आणि ती बोलत नव्हती. माझ्या आईने पदराचं टोक हातात धरलं होतं. मग कागदाचा आवाज, पान उलटलं, आणि धाकटी बोलायला लागली.

तक्रारीचे चार फोन आले. आत्याने चारही घेतले, खास माईकच्या आवाजात. यंत्र बिघडलेले नाही. यंत्र बिघडलेले नाही.

पाचवा फोन ऑपरेटरआजोबांचा. या वेळी आत्याचे हात कोरडे होते, तरी तिने स्पीकर लावला. माझ्याकडे न बघता. त्यांनी सांगितलं की पुस्तक झालं, काल संध्याकाळी शेवटपर्यंत झालं. मग म्हणाले, चौतीस वर्षं मी लाईन कानाला लावून बसलो. मेलेली लाईन वेगळी वाजते, आणि पलीकडे माणूस गप्प असला तर वेगळी. लोकांना फरक कळत नाही, ते हॅलो हॅलो करतात. तुम्ही तिथे होतात, मला कळत होतं.

आत्या काहीच बोलली नाही. त्यांना तेही कळलं असणार, कारण ते थांबले आणि मग पुढे सांगू लागले, जरा खालच्या आवाजात, बहुतेक आजी जवळच होत्या. त्या कोऱ्या पानावर दोघं बसून होते. बराच वेळ झाला. आणि आजींनी, सवयीने, दोन वर्षांत पहिल्यांदाच, विचारलं.

"पुढे वाचू का, म्हणाली. मी म्हटलं, वाच. आणि तुम्ही पान उलटलंत."